थट्टेची आगाऊ सूचना

शेणवे गावातला गोमा केबल चालवायचा, आणि गावात सगळ्यात मोठ्याने हसायचाही तोच. दोन हजार तीनच्या सुमारास त्याने घरातूनच चालवलेल्या गावापुरत्या चॅनेलवर संध्याकाळी एक जुनी विनोदी मालिका लागायची, कॅसेटवर उतरवून ठेवलेली. सासरा-जावयाची भांडणं, आणि त्यांच्या घरी डोंगरातून आलेला एक गडी. तो तोंड वेडंवाकडं करून काहीबाही बरळला की टीव्हीतले न दिसणारे लोक खो खो हसत आणि त्यांच्यासोबत गोमाही.

त्या वर्षी वर डोंगरातल्या वाडीतल्या लहानीने केबल घेतली. वाडीतलं पहिलंच कनेक्शन, म्हणून गोमा स्वतः वायर खांद्यावर घेऊन चढला. चित्र स्वच्छ दिसायला लागलं तेव्हा मालिकेचीच वेळ झाली होती. "आता बघा, पोट दुखंल हसून," म्हणत तो चहा घेऊन ऐटीत बसला. सगळी वाडी जमलेली. सासरा-जावयाला मंडळी मनापासून हसली. मग तो गडी आला, बरळला. टीव्हीतले हसले, गोमा हसला. बाकी घरात कोणीच हसलं नाही. गोमाचं हसू अर्ध्यावर अडकलं.

"ह्यो कुठला गो?" लहानीच्या सासूने, भिमीने विचारलं.

गोमा कपात बघत म्हणाला, "तुमच्याकडलाच दाखवलाय."

"आमच्यात असा कोन बोलतो?" लहानी म्हणाली.

"आन् ते हसतात कोन? दिसत तर नाय," भिमीने टीव्हीच्या मागे डोकावून पाहिलं.

गोमाने कप खाली ठेवला. "त्या गड्याचं तेवढं कापून टाकतो."

"कापू नको, दादा," लहानी म्हणाली. "सासरा-जावय बेस हायत. पन फुडं कोनाची थट्टा हाय ती आधी सांगत जा. मानूस तयार राहतो."

दुसऱ्या दिवशी मालिकेआधी टीव्हीवर पुठ्ठ्याची पाटी झळकली: 'या भागात डोंगरच्या लोकांची थट्टा आहे. ती खोटी आहे. बाकीचं हसून घ्या.'

झालं. दुकानवाली सरिता आली, "जाड्या बाईला हसतात, त्याची पाटी कुठंय?" मागोमाग टकला हनुमान. मग गावातल्या सासवा. गोमा रोज पाटी रंगवून रंगवून वैतागला, आणि लोकांना मालिकेपेक्षा आज कोणाचा नंबर लागतो याचीच उत्सुकता.

शेवटी लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा घेऊन तो वाडीवर गेला. "लहानीबाय, तूच सांग काय ते. माझा हात दुखला."

लहानी पदर नीट करून ओट्यावर बसली. "फुडं एक गडी येल. तो आमच्यासारका बोलतो म्हनं. आमी कसं बोलतो ता ऐका." आणि आपल्या बोलीत तिने गोमाचीच गोष्ट लावली: वायर घेऊन येताना तो बांधावरून चिखलात कसा बसला, उठताना पुन्हा कसा बसला, आणि म्हशीने त्याच्याकडे कसं पाहिलं.

त्या संध्याकाळी शेणव्यात घराघरातून हसण्याचे आवाज येत होते. गोमाची बायको चंदा तर भाकरी थापायची थांबली.

पुढे पुढे लोक लहानीची रोजची नवी गोष्ट ऐकायचे आणि मालिका सुरू झाली की चॅनेल बदलायचे. गोमाला थोडं लागलं. मग एके दिवशी त्याने कॅसेट लावलीच नाही, कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज केली आणि वाडीची वाट धरली.