तिनं दार उघडं ठेवून विचारलं

गुडगावच्या दवाखान्यात दर तपासणीला ती माझ्या पुढेमागे असायची. मानेसरची, नववा महिना लागलेली. बोलणं असं, की अख्ख्या रांगेला ऐकू जावं. शिंक आली तरी पोट धरून आधी स्वतःच खिदळायची. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दोघींचंही दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी मी खालून फार फाटले होते. कित्येक महिने धड बसता येत नव्हतं. पुन्हा तसंच होईल का, हे मी आईलाही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी तिनं डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडंच ठेवलं आणि खणखणीत हरियाणवीत विचारलं, "मॅडम, पिछली बार नीचे से पूरी फट गई थी. इब के फेर फटूँगी के?"

रांगेतली सगळी पोटं हळूहळू दाराकडे सरकली.

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की धोका थोडा जास्त असतो, पण बहुतेकींना पुन्हा तेवढं होत नाही. बाळाचं डोकं बाहेर येताना जोर आवरायचा, तेव्हा त्या स्वतः खाली गरम पाण्याची पट्टी धरतील, म्हणजे कमी फाटतं.

"सुण लिया सबने?" ती मागे वळून ओरडली, आणि आम्ही सगळ्या हसत सुटलो.

डॉक्टरांनी मान बाहेर काढली. "और किस-किस को पूछना था?"

पाच हात वर गेले. सगळ्यात आधी माझा.