निरसं दूध

दूध तापायला ठेवलं की मी अजूनही गॅसपासून हलत नाही. एक उकळी आली की पुन्हा दुसरी आणते. नवरा चिडवतो, "दूध तापवतेस की दुधाला शिक्षा करतेस?" तो गमतीने म्हणतो, पण मला हसू येत नाही.

पहिल्या खेपेला मला पाचवा महिना होता. नवरा नगरजवळ नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये पाळ्या करायचा आणि मी खोलीत एकटी उलट्या काढत बसायचे, म्हणून आईने मला शेवगावजवळच्या वस्तीवर नेलं. वडील कधीच गेलेले. घरात आई आणि मी, गोठ्यात एक जर्सी गाय, तीही गाभण. "खाल्लं का गं पोटभर?" असं आई अंगणातून ओरडली की ते मला आहे की गाईला, हे मान वर करून बघावं लागायचं. मी फणफणायचे, आई हसायची.

गाईचे दिवस भरायच्या आधीच एका सकाळी ती गाभडली. वासरू मेलेलंच पडलं. वासरामागचा जार, म्हणजे वार, अडकला होता, तो आईने उघड्या हातांनी ओढून काढला आणि बांधाला पुरला. शेजारणी बघायला आल्या. कुणी म्हणाली नजर लागली, कुणी म्हणाली साडेसाती आहे, शिंगणापूरला तेल वाहून या. सल्ल्याला आमच्याकडे कधी तोटा नसतो. गुरांच्या डॉक्टरला बोलवावं, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

तरी गाय दुधाला उतरली. रोज सकाळी आई धार काढता काढता मला शेजारी बसवायची आणि पेला सरळ आचळाखाली धरायची. वर फेस, आत कोमट दूध, त्याला गोठ्याचा वास. "पी. निरसं लई चांगलं. तापवलं की त्यातला कस जातुय." तिच्या स्वतःच्या वाट्याचं दूध म्हणजे चहात उकळलेलं चमचाभर, बाकी सगळं माझं. मी नाक दाबून प्यायचे. पोटात बाळ हललं की आई तिथे हात ठेवून म्हणायची, "बघ, त्याला आवडलं." त्या दिवसांत मी खरंच सुखात होते.

मग ताप सुरू झाला. दिवसभर बरं वाटायचं, संध्याकाळी हुडहुडी भरायची आणि घामाने गाऊन पिळून काढावा इतका ओला व्हायचा. कंबर अशी दुखायची की कूस बदलता येत नसे. टायफॉइडची औषधं झाली, मलेरियाची झाली. सहाव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. मुलगी होती. आईने तिला माझ्या साडीत गुंडाळून नेलं. कुठे पुरलं ते मी विचारलं नाही, पण त्या बांधाकडे मला आजही बघवत नाही.

ताप काही हटेना, म्हणून नवऱ्याने मला नगरच्या दवाखान्यात आणून ठेवलं. आई चार दिवस घरचं आवरून येते म्हणाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी जनावरं आहेत? एखादी गाय गाभडली होती का एवढ्यात?" मला वाटलं, झालं, ही शिकलेली बाईसुद्धा नजरेचंच विचारतेय. पण त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. ब्रुसेला निघाला. गाभडलेल्या गाईच्या जारातून, कच्च्या दुधातून तो माणसाला होतो, त्याने बाईच्या पोटातलं मूलही जाऊ शकतं, असं त्यांनी नीट बसून सांगितलं. दूध उकळलं की तो मरतो, हेही सांगितलं. एक उकळी. मला तिथेच किंचाळावंसं वाटलं.

आईला हे कसं सांगायचं? पण गाय अजून गोठ्यात असेल, दूध कुणाच्या तरी घरी जात असेल, म्हणून ती आली त्याच दिवशी मी सांगून टाकलं. ती माझे केस विंचरत होती. हात थांबले.

"आपल्या गाईच्या दुधानं?" तिने विचारलं.

"हो. आता तिचं दूध कुणालाच देऊ नको."

"गाय इकली मी. तुझं असं झालं आन् मला ती दारात बघवंना." बराच वेळ ती फणीतले केस काढत राहिली. "ऊसतोडीला निघालेलं जोडपं हुतं. तिथं चाऱ्याला उसाची वाढं फुकटात मिळत्यात, दुधाची सोय हुईल म्हनले. ती पोरगी पोटुशी हुती गं. गाय गाभडल्याचं मी बोलले न्हाई. बोलले असते तर नेलीच नसती. मनाला लागलं, म्हनून जाताना त्या पोरीच्या तोंडावरनं हात फिरवला. म्हनलं, निरसं पीत जा बाई, लेकरू गुटगुटीत हुईल."

त्या हंगामात आई बऱ्याच साखर कारखान्यांच्या तळांवर, ऊसतोडवाल्यांच्या पाचटाच्या कोप्याकोप्यांतून फिरली. नाव ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं, पण गाय ओळखीन म्हणायची. सापडली नाही.

पुढे औषधं पुरी झाली, बऱ्याच काळाने मला मुलगा झाला, धडधाकट. त्याला मांडीवर घेऊन बसली की आई मधेच विचारते, "पेली असंल का गं ती?"

"नसेल," मी म्हणते. मी प्यायले होते, आईने दिलं म्हणून. मायेने सांगितलेलं पोटुशी बाई टाळत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.