यंत्राला लावलेली हळद

आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर टेकलो, की मला गोष्टींचा उमाळा येतो. नातवंडं पळतात, धनाजी मात्र ऐकायचा. हा माण तालुक्यातला गडी, दिघ्याजवळच्या कारखान्यात प्रयोगशाळेचा मदतनीस. त्याची कंपनी फिनलंडच्या एका कंपनीसोबत जखमेवरची पट्टी बनवत होती. मी छेडलं, की त्या श्रीमंत गोऱ्यांचं दिघ्यावाचून काय अडलंय?

"आबा, वारंगुळा हाय ह्यो," तो म्हणाला. "लाकडापासनं पट्टी करायची विद्या त्यांची, उकाडा, घाम आन् शुगरचे पेशंट आपले. दोघांकडं एकेकच बैल. जोडी जुपली तर दोन्ही रानं नांगरून निघत्यात."

मी खूश! आमच्या वडलांचाही एका भाऊबंदाशी वारंगुळा होता. बोलणं बंद, पण पेरणीला बैल बरोब्बर दारात. बैलच काय तो दोघांशी बोलायचा. धनाजी खो-खो हसला.

त्याचा जीव त्या पट्टीत अडकला होता. बायको विजयमाला, तिची तळपायाची जखम शुगरमुळे भरत नव्हती. कारखान्यात दमट उकाडा तयार करणारं चाचणीचं कपाट होतं, त्यात पट्ट्या टिकल्या, की पेशंटांना लावून बघणार होते. डॉक्टरांनी तिचं नाव आधीच धरलं होतं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रं पुजतात. बाकीच्यांनी यंत्रांना बाहेरून हळदीचं बोट टेकवलं. धनाजीनं ते चाचणीचं कपाट उघडून आतल्या पत्र्यावर ओली हळद ओढली, मनात विजयमालेचा पाय. दसऱ्याची सुट्टी संपेस्तोवर वाफेनं हळद ओघळली, आतल्या पंख्यानं उडाली, सगळ्या पट्ट्या पिवळ्या. चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

साहेब ओरडले नाहीत. फिनलंडच्या कंपनीत हे काम बघणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी मुकाट नवा माल पाठवला. वारंगुळ्यात एकाचा बैल बसला, तर दुसरा थांबतो. जखम थांबत नाही. आधी पाय गेला, मग शिमग्याच्या सुमाराला विजयमाला.

पट्टी पास झाली. पुढच्या खंडेनवमीला त्या बाई स्वतः आल्या होत्या. सगळी यंत्रं पुजलेली, तेवढं एक कपाट कोरडं. त्यांनी साहेबांकरवी विचारलं, याची पूजा नाही का?

"जिच्यासाठी केलती, ती ऱ्हाइली न्हाई," धनाजी म्हणाला.

साहेबांनी ते समजावताच बाईंनी तबकातली हळद बोटावर घेतली आणि कपाटाला बाहेरून टेकवली.

एवढं धनाजीनं मला बाकावर बसून सांगितलं. मग म्हणाला, "आबा, ती भाऊबंदाच्या बैलाची गोष्ट सांगा."

मी सांगितली. हसायच्या जागी तो हसला नाही.