बाबांचं अक्षर आणि आत्याचा कॉम्प्युटर

राज्य नवं झालं आणि रायपूरच्या कार्यालयांना एकामागून एक वेबसाइटचं वेड लागलं. त्या बनवणं हेच माझं काम. वर सरकती चित्रं, खाली सरकत्या ओळी, मधला मजकूर कोणी वाचत नसे. इकडे बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी, रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा लहानपणच्या आठवणी लिहीत बसले होते. त्या त्यांना इंटरनेटवर हव्या होत्या, आणि वाचक एकच हवा होता: अमरावतीची मोठी आत्या.

आत्यानंच त्यांना पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. पुढे तिची दृष्टी गेली. आता तिच्याकडे मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा कॉम्प्युटर होता. बाबांचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे, आणि त्याचा त्यांना भारी गर्व.

"टायपिंग नाही. माह्या अक्षरातच पायजे. तिनंच देल्लं हाय ते."

फोटोतलं अक्षर कॉम्प्युटरला वाचता येत नाही, हे मी समजावून पाहिलं, पण बाबांपुढे कोणाचं चाललंय? पानांचे फोटो काढून चढवले.

आत्याचा फोन आला. "कॉम्प्युटरातली बाई नुसती चित्र, चित्र म्हणून राह्यली. त्यानं चित्रं काहून काढले?"

बाबा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. सकाळी त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवले. "घे. कर टाईप."

मी ना रंग घातले, ना चित्रं. वर शीर्षक, खाली साधा मजकूर. कार्यालयात कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. आजवर केलेल्या कामात मला तेच पान सगळ्यात आवडतं.

आत्यानं ते पुन्हा पुन्हा ऐकलं. वाचणाऱ्या बाईची मराठी आमच्या रायपूरच्या पोरांसारखी, हिंदी वळणाची. पण आत्याला सगळं कळलं. मग ती फोनवर बाबांना म्हणाली, "सारं बरोबर हाय. पण अक्षर वाकडं आलं का मी पट्टीनं बोटं फोडत होती, ते काहून गाळलं? मले वाईट वाटन म्हणून?"

संध्याकाळी बाबा माझ्या खुर्चीत बसले आणि एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत, पानाच्या शेवटी त्यांनी स्वतः भर घातली:

"ताई पट्टीनं मारत होती. आता तसं मारणारं जवळ कोणी नाही."