बाईसाहेबांचं नाक

गांजा ओढायला कायद्याने परवानगी द्यायची की नाही, यावरून घरोघरी वाद पेटले होते. श्वानपथकातल्या हवालदारांच्या घरी तर जेवायला बसलं की रोज तेच.

"मोठी माणसं आपल्या घरात बसून काय ओढतात, त्यात सरकारने नाक खुपसायचं कारणच काय, बाबा?" लेक विचारायची.

"नाक खुपसायचाच पगार मिळतो मला," हवालदार म्हणायचे.

हेही काही खरं नव्हतं. त्यांचं नाक बारा महिने चोंदलेलं. दूध करपून काळं झालं, तरी बायकोने ओरडून सांगितल्याशिवाय यांना पत्ता नाही. नाक होतं ते बाईसाहेबांचं. बाईसाहेब म्हणजे त्यांची तपकिरी कुत्री. गेली सहा वर्षं दोघं पार्सलच्या गोदामात खोक्यांच्या रांगांमधून हिंडत होते. वास लागला तरी बाईसाहेब भुंकत नसत, ओरबाडत नसत. गुपचूप खाली बसत आणि हवालदारांच्या उजव्या खिशाकडे बघत. त्या खिशात रबरी चेंडू असायचा. खोकं उघडून माल निघाला की चेंडू उडायचा, आणि मग बाईसाहेबांचं काय ते कौतुक!

घोळ एवढाच, की त्यांना चार वास शिकवले होते. गांजा त्यातला पहिला. पण बसायच्या त्या चारही वासांना सारख्याच, कुठल्या वासाला बसल्या हे कळायला मार्ग नाही. उद्या गांजा चालतो म्हटल्यावर त्या बसण्याला कोण विचारणार? आणि एकदा शिकवलेला वास विसरायला लावायची युक्ती काही कुणाला सापडलेली नव्हती. पथकाच्या साहेबांनी सरळ सांगून टाकलं, "कायदा झाला, की तिला निवृत्त करायचं."

निवृत्त झालेल्या कुत्र्यावर पहिला हक्क हँडलरचा, म्हणजे तिला सांभाळणाऱ्या हवालदाराचा, पण अर्जावर घरच्यांची सही लागे. सही नसेल तर कुणीतरी परकं माणूस तिला घेऊन जाणार. आणि बायकोने तर लग्न ठरतानाच बजावलं होतं, घरात जनावर चालणार नाही. पंचवीस वर्षांत ती तसूभर हलली नव्हती.

मग काय, हवालदार एकदम तत्त्वाचे झाले! समाज, तरुण पिढी, संस्कार, जे म्हणून मोठे शब्द मिळतील ते गोळा करू लागले. साथीला मिळाले शेजारचे निवृत्त हेडसर. कायद्याच्या विरोधात पत्रकं वाटण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. फक्त बाईसाहेब दिसल्या की ते रस्ता ओलांडून पलीकडे जात. "कुत्र्यांची मला फार भीती हो," म्हणत.

रविवारी सकाळी नगरभवनात या कायद्यावर लोकांची मतं ऐकायला सुनावणी झाली. हेडसरांनी टाळ्या घेतल्या. मग हवालदार उभे राहिले. पाठ केलेलं दोन मिनिटं बोलले आणि अडकले. कागद उलटा-सुलटा केला. शेवटी म्हणाले, "ते सगळं जाऊ द्या. तिला समजावणार कोण? तिची काय चूक आहे?"

"कुणाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्या कुत्रीला."

सभागृह खो खो हसलं. लेकही हसली. मागच्या रांगेत बसलेली बायको तेवढी हसली नाही.

कायदा व्हायचा तो झालाच. त्या संध्याकाळी बायकोने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि हात पुढे केला. "आणा तो अर्ज. सही कुठे करायची? आणि हे बघा, पलंगावर नाही आणि स्वयंपाकघरात तर मुळीच नाही."

घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी बाईसाहेब स्वयंपाकघरात बायकोच्या पायाशी झोपलेल्या होत्या. पण त्यांचं मन काही रमेना. सकाळी उठून चपलांचं कपाट हुंगायच्या, लेकीची बॅग हुंगायच्या आणि निराश होऊन दाराशी बसायच्या. हवालदार बागेत चेंडू फेकायचे, तर त्या ढुंकूनही बघायच्या नाहीत. फुकटचा चेंडू त्यांना मान्य नव्हता. महिन्याभरात बरगड्या दिसू लागल्या. बिनकामाची करून टाकली आपण हिला, असं हवालदार स्वतःशीच म्हणायचे.

एका सकाळी बागेत हेडसर बाकावर पेपरात तोंड खुपसून बसले होते. बाईसाहेब चालता चालता थबकल्या. हेडसरांच्या कोटापाशी गेल्या, एकदा हुंगलं, आणि गुपचूप खाली बसल्या. नजर थेट हवालदारांच्या उजव्या खिशावर.

हेडसरांच्या हातून पेपर गळाला. "अहो... गुडघ्यांसाठी... रात्री जरासा... आणि आता तर कायद्यानेच..."

हवालदारांना त्यातलं काही ऐकूच आलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

"सर, घाबरू नका, तुमच्याशी काही देणंघेणं नाही," ते म्हणाले. "फक्त उद्याही याच बाकावर बसाल का? हाच कोट घालून?"

हेडसरांनी निमूट मान हलवली.

"शाब्बास गं माझी बाय!" हवालदारांनी खिशातून चेंडू काढून लांब भिरकावला, आणि बाईसाहेब उधळल्या.