आईच्या हाती माइक आणि माझा दरारा

मंडळी, आज माझ्या आईच्या हाती माइक देणाऱ्या बाईंना आत टाकावंसं वाटलं!

मी इथल्या पोलीस ठाण्यात फौजदार. शाळेत माझा सत्कार होता, नागभीडकडून आई मुद्दाम आलेली. शाळेच्या बाईंनी तिला विचारलं, "एवढी कडक मुलगी कशी घडवलीत?"

मी ताठ बसले. वाटलं, गरिबी, चुलीपुढचा अभ्यास असं काहीतरी सांगेल.

"कडक? हे?" आई म्हणाली. "अवो, चार पोरींत सर्व्यात रडकी हेच! बाप तलावातून मासोळ्या आणे, अन् हे जित्या मासोळ्या फ्रॉकात लपवून पाण्यात सोडून दे!"

सगळी शाळा हसली. माझे हवालदारसुद्धा! इतक्या मेहनतीने कमावलेला दरारा गेला. आईला घरी सोडलं आणि मी तडक ड्युटीवर गेले.

संध्याकाळी ठाण्यात एक बाई आली. हात सुजलेला. नवरा कधीपासूनच मारतो म्हणाली. मी वैतागलेच, "मग आजवर काऊन नाई आली?"

"तुमचाच भेव वाटे, म्याडम. आज शाळेत तुमच्या मायचं आयकलं, म्हणून आली."

नवऱ्याला उचलून आणलंय. तो मात्र मला जराही घाबरला नाही. मग माझा दरारा होता तरी कोणावर?

हे इंटरनेट कॅफेत बसून लिहितेय. मी आल्यापासून कॅफेवाला उभाच आहे. "बस" म्हटलं, तर आणखीच घाबरला. तुम्ही कसं म्हटलं असतं, सांगा ना.