मागच्या दारातला गाळ

मे अर्धा सरला की वच्छलाबाईंच्या घरी आवराआवर सुरू व्हायची आणि गल्लीतल्या बायका हसायच्या. दिवाळीतही कोणी एवढं घर बाहेर काढत नाही, म्हणायच्या.

ज्या वर्षी मागच्या नाल्याचं पाणी घरात शिरलं, त्या वर्षी ते दारातून आलंच नव्हतं. संडासाच्या भांड्यातून वर आलं होतं, काळं, बुडबुडे सोडत, आणि बघता बघता स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला लागलं होतं. त्या पाण्यात काय काय तरंगत होतं हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. डाळ, तांदूळ, गाद्या, सगळं फेकलं. देव चिंचेने घासले, फिनाइलच्या पाण्यात बुडवले, पुन्हा चिंचेने घासले. तरी कित्येक दिवस त्या खोलीत त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. ताट घेऊन समोरच्या ओट्यावर बसायच्या, घराकडे पाठ करून.

चिखलाची त्यांना किळस होती असं नव्हे. माहेर रामटेकजवळचं, धानाच्या शेतीचं. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून काम करायचं, हात लुगड्याला पुसायचे आणि बांधावर बसून जेवायचं, यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण तो मातीचा चिखल होता. घरामागच्या नाल्यात माती औषधालाही नव्हती. वरच्या सगळ्या वस्त्यांची घाण तिथून वाहायची, आणि तिच्यात लोक आपापली भर घालायचे. सकाळी दात घासता घासता पुलावरून पिशवी भिरकावणारी माणसं त्यांनी पाहिली होती. चांगली शिकलेली, इस्त्रीच्या कपड्यांतली.

यंदाही त्यांनी पलंग विटांवर चढवला. फ्रीज लोखंडी स्टँडवर गेला, धान्य माळ्यावर. घराची कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधली, टॉर्चचे सेल बदलले. मुलगा सुशील उमरेडला खाणीत नोकरीला, रविवारी यायचा. त्याच्याकडून स्वयंपाकघरावरचे टिनाचे पत्रे तारेने आवळून घेतले आणि वर दगड ठेवले. संडासाच्या भांड्यात कोंबायला वाळूचं पोतं भरून ठेवलं. मनोहरराव, त्यांचे यजमान, हे सगळं समोरच्या खुर्चीतून बघत होते.

"पाणी काय दरवर्षी येते?" ते म्हणाले.

"नाही येत. म्हणून तर तुम्ही बसून राहिले," वच्छलाबाई म्हणाल्या.

त्यानंतर नाला साफ करायची मशीन आली. दिवसभर तिने नाल्यातून गाळ उपसला आणि काठावर, म्हणजे वच्छलाबाईंच्या मागच्या दारात, टाकला. संध्याकाळी मशीन निघून गेली. दार उघडेना. खिडकीतून पाहिलं तर कमरेइतका ढीग: काळा, चमकणारा, त्यात लहान मुलांचे डायपर, फाटकी गादी, कोंबड्यांची पिसं, आणि एक कुत्रं, की कुत्र्याचं जे उरलं होतं ते. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं तसा वास चढला. माशा आत आल्या. सून मिनल सीताबर्डीला कपड्यांच्या दुकानात कामाला होती, तिने तोंडाला ओढणी लावून डबा भरला आणि म्हणाली, "आई, माझ्या कपड्यांले वास येऊन राहिला. गिऱ्हाईक दूर सरकते."

वच्छलाबाई नालेसफाईच्या सुपरवायझरकडे गेल्या. तो मोबाइलमध्ये बघत बोलला.

"मावशी, गाळ ओला आहे. सुकला की ट्रक येईल."

"आणि सुकायच्या आधी पाणी आलं तर?"

"मग काय, वाहून जाईल."

"कुठं जाईल? माझ्या घरात जाईल ना."

त्याने खांदे उडवले. त्याच्या शर्टाला अत्तराचा वास होता. घाणीपेक्षा त्या वासाचीच आपल्याला जास्त किळस आली, असं त्या नंतर मिनलला म्हणाल्या.

ट्रक आला नाही. मग एका दुपारी पश्चिमेकडे आभाळ मातकट झालं आणि धुळीचा वारा सुटला. वच्छलाबाईंनी पदर खोचला आणि थेट कोपऱ्यावरच्या कवडूच्या चिकनच्या दुकानात गेल्या.

"कवडू, त्या ढिगातली पिसं तुझ्या दुकानातली आहेत. फावडं घे अन् चाल."

कवडू चाळिशीचा दांडगा माणूस. पूर आला तेव्हा यानेच मनोहररावांना पाठीवर घेऊन बाहेर काढलं होतं, म्हणून गल्लीत त्याला कोणी काही बोलत नसे.

"सगळेच टाकतात, काकू."

"सगळ्यायले मी ओळखत नाही. तुले ओळखतो."

त्याने शटर ओढलं आणि फावडं उचललं.

दोघांनी घमेल्यांनी तो गाळ समोरच्या मोठ्या रस्त्यावर नेऊन टाकायला सुरुवात केली. काळं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. त्या कुत्र्यापाशी आल्या तेव्हा वच्छलाबाई भिंतीला धरून ओकल्या, तोंड धुतलं आणि पुन्हा घमेलं उचललं. गाड्या अडल्या, हॉर्न वाजू लागले. नाकाला रुमाल लावून लोक व्हिडिओ काढू लागले. नाल्याकडे ज्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यांना आता शहराच्या स्वच्छतेची काळजी वाटू लागली होती. तासाभरात ट्रक हजर झाला. त्याने रस्त्यावरचा गाळ भरला, आणि मागचा उरलेला तसाच सोडून तो निघून गेला.

त्याच संध्याकाळी वादळ आलं. टिन खडखडले, पण उडाले नाहीत. लाइट गेली. वच्छलाबाईंनी संडासात पोतं कोंबलं, त्यावर पाटा ठेवला आणि मिनलला म्हणाल्या, "आता तू बस याच्यावर." मिनल खरंच बसली. खालून गुडगुड आवाज येत होता. पोतं ओलं झालं, पण पाणी वर आलं नाही. मागच्या अंगणात मात्र उरलेला गाळ पसरला आणि दाराच्या चौकटीखालून बोटभर आत आला.

सकाळी त्या नळावर हात धूत होत्या. साबण संपत आला तरी नखांतला काळपटपणा जात नव्हता. समोर मनोहरराव शेजाऱ्याला सांगत होते, "आमच्याकडं थेंब नाही आला. आम्ही तयारी करून ठेवली होती ना."

वच्छलाबाईंनी नळ बंद केला. त्या बाहेर आल्या, शेजाऱ्यासमोरच बादली आणि खराटा नवऱ्याच्या पायाशी ठेवला.

"मागचं अंगण राहिलं आहे."

"मी? मले वास सहन होत नाही वं, तुले माहीत आहे," ते शेजाऱ्याकडे बघून म्हणाले.

"मले होते?"

मनोहरराव थोडा वेळ खुर्चीत चुळबुळले, मग उठले. थोड्याच वेळात मागून त्यांच्या ओकण्याचा आवाज आला. मिनलने सासूकडे पाहिलं. वच्छलाबाई मागे गेल्या नाहीत. त्यांनी चहा केला, दोन कप घेतले, एक कवडूच्या दुकानात नेऊन दिला. तिथे नाल्याकडच्या दाराशी पिसांनी भरलेलं पोतं उभं होतं. त्यांनी ते बघितलं.

"गाडीत टाकणार आहे," कवडू घाईने म्हणाला.

"पाहतो मी," त्या म्हणाल्या, आणि कचऱ्याची गाडी येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या, नाकाला पदर लावून.